जन्मभराची गोळी आणि एका दिवसाची मोजणी

छातीत जळजळ होणे, घशाशी आंबट पाणी येणे, थोडे खाल्ले तरी पोट तट्ट फुगणे, रात्री आडवे झाल्यावर ढास लागणे, अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाला बहुधा सकाळी अनशापोटी घ्यायची एक गोळी मिळते. जठरात आम्ल तयार होण्याची क्रियाच ती रोखते. या गटातले पहिले औषध, ओमेप्रॅझोल, १९८८ साली स्वीडनमध्ये बाजारात आले आणि त्याने जठरव्रणाच्या असंख्य रुग्णांची शस्त्रक्रिया टाळली. औषध उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ही गोळी अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू राहते. डॉक्टर बदलतात, चिठ्ठी हरवते, औषधाच्या दुकानात नाव सांगितले की पट्टी मिळते. या सगळ्या काळात त्या माणसाच्या अन्ननलिकेत आम्ल खरोखर चढते का, चढत असेल तर किती वेळ टिकते आणि जळजळ त्याच क्षणी होते का, हे कोणी तपासलेले नसते. ते तपासण्याची सोय मात्र आहे. तळहातात मावणारा संगणकीय रेकॉर्डर कमरेला अडकवून माणूस घरी जातो, जेवतो, काम करतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या चोवीस तासांचा हिशेब पडद्यावर उमटतो. आज ही तपासणी सगळे उपाय थकल्यावर सुचवली जाते. माझे म्हणणे असे की तिची जागा त्याआधी आहे: गोळी कायमची करण्याचा निर्णय होण्यापूर्वी.

एवढी एंडोस्कोपी केली, मग आणखी तपासणी कशाला, असे रुग्णाला वाटणे स्वाभाविक आहे. एंडोस्कोपी रचना दाखवते: व्रण, सूज, गाठ, आकुंचन. गिळताना घास अडकणे, रक्ताची उलटी, काळे शौच, विनाकारण वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर तीच आधी व्हायला हवी, आणि लवकर. पण पचनमार्गाचे काम काळात घडते. जठराचे स्नायू मिनिटाला साधारण तीन वेळा लयीत हलतात, लहान आतड्याच्या सुरुवातीला हीच लय बाराच्या आसपास असते आणि शेवटाकडे आठपर्यंत उतरते. पोट रिकामे असताना दर दीड ते दोन तासांनी जठरापासून आतड्याच्या टोकापर्यंत एक मोठी लाट उरलेसुरले ढकलत जाते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप दिवसातून अनेकदा क्षणभर सैल पडते, अगदी निरोगी माणसातही. उपाशीपोटी, कुशीवर झोपवून, दहा मिनिटांत उरकलेल्या तपासणीत यातले काय दिसणार? आम्ल वर येण्याची लक्षणे असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांची अन्ननलिका एंडोस्कोपीत नितळ दिसते. तेवढ्यावरून त्यांना आजार आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही.

पचन पाहायचे तर ते चालू असताना पाहावे लागते, हे वैद्यकाला फार आधी उमगले होते. १८२२ साली उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण मजुराच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. जखम भरली, पण जठरात उघडणारे भोक तसेच राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षे पाचकरस काढून तपासला आणि १८३३ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने मांडली; रुग्ण संतापला की जठराचे रूप पालटते, हेही त्यांनी नोंदले. त्या मजुराच्या हलाखीचा फायदा घेतला गेला, हे या इतिहासाचे दुखरे अंग आहे. १८९०च्या दशकाअखेरीस वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली जठराची हालचाल पाहिली. मांजर अस्वस्थ झाले की हालचाल थांबत असे. या दोन्ही निरीक्षणांतून निघणारा निष्कर्ष आजच्या तपासणीचा पाया आहे. पचन मनाशी आणि परिस्थितीशी इतके बांधलेले असेल, तर रुग्णालयाच्या खाटेवर घेतलेली नोंद अपुरीच राहणार. नोंद रुग्णाच्या रोजच्या दिवसात जाऊन घ्यावी लागेल. हृदयाच्या बाबतीत नॉर्मन होल्टर यांनी हे करून दाखवले. त्यांचे सुरुवातीचे यंत्र पाठीवर वाहायचे आणि सुमारे ३८ किलो वजनाचे होते. पोटासाठी १९५७ साली गिळता येणारी रेडिओ-गोळी निघाली. १९७४ मध्ये जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी अन्ननलिकेतले आम्ल चोवीस तास मोजून निरोगी आणि आजारी माणसांतला फरक आकड्यांत मांडला. पुढे इलेक्ट्रॉनिक स्मृती लहान आणि स्वस्त झाली आणि रुग्ण खाटेपासून मोकळा झाला.

तपासणी चालते ती अशी. आधी अन्ननलिकेतला दाब मोजून झडप नेमकी कुठे आहे ते ठरवतात. मग जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची मऊ नळी नाकातून आत सोडून तिचा संवेदक झडपेच्या पाच सेंटिमीटर वर ठेवतात. हा संवेदक दर काही सेकंदांनी पीएच मोजतो. चार सेकंदांना एक नोंद धरली तरी दिवसाला २१,६०० नोंदी होतात. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. रिकाम्या जठरात तो एक-दोनच्या आसपास असतो. अन्ननलिकेत तो चारच्या खाली गेला की आम्ल वर आले असे धरतात, कारण अस्तराला इजा करणारे पेप्सिन त्या पातळीखाली जोरात काम करते. नव्या नळ्यांवर धातूच्या कड्यांच्या जोड्याही असतात. दोन कड्यांमधल्या अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहाला होणारा विरोध द्रव आला की घटतो, हवा आली की वाढतो. बदल वरच्या जोडीपासून खाली सरकला तर तो घोट, खालच्या जोडीपासून वर सरकला तर उलट चढलेला द्रव. सहा जोड्यांच्या प्रत्येकी सेकंदाला पन्नास नोंदी धरल्या तर एका दिवसात अडीच कोटींहून अधिक आकडे जमतात. संगणकाशिवाय हे काम अशक्यच. २००० नंतर आलेल्या पद्धतीत नळीही लागत नाही: सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कुपी एंडोस्कोपीच्या वेळी अन्ननलिकेच्या भिंतीला टाचतात, ती ९६ तासांपर्यंत बाहेरच्या रेकॉर्डरला बिनतारी संदेश पाठवते आणि काही दिवसांनी आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते.

मला मात्र या यंत्रात सर्वांत मोलाची वाटतात ती त्याच्यावरची साधी बटणे. जेवायला बसलो, आडवा झालो, जळजळ सुरू झाली, खोकला आला: प्रत्येक वेळी रुग्ण बटण दाबतो. मग तक्रारीची वेळ आणि आम्ल चढल्याची वेळ शेजारी ठेवून पाहता येते. तक्रारीच्या आधीच्या दोन मिनिटांत आम्ल चढले होते का, असे किती वेळा झाले, ते योगायोगाने होण्याचा संभव किती, याचे गणित मांडले जाते. पोटाच्या तक्रारी असलेल्या माणसाला, विशेषतः बाईला, ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे आहे’ हे वाक्य फार ऐकावे लागते. इथे तिचे सांगणे पुराव्याचा अर्धा भाग बनते. बटण न दाबलेला अहवाल अपुरा ठरतो. तंत्रज्ञान रुग्णाचा आवाज दाबते अशी तक्रार सर्रास होते, आणि अनेक ठिकाणी ती खरीही आहे. या तपासणीत ते त्या आवाजावर विसंबून आहे.

आता मूळ प्रश्न: मोजल्याने फरक पडतो का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायमंड’ अभ्यासात ३०८ रुग्णांबाबत डॉक्टरांचा अंदाज आणि प्रत्यक्ष तपासण्या ताडून पाहिल्या. लक्षणांवरून निदान करताना सामान्य डॉक्टर आणि पोटविकारतज्ज्ञ दोघेही साधारण तीन रुग्णांपैकी एकाच्या बाबतीत चुकत होते. यात डॉक्टरांना दोष देण्यासारखे काही नाही. छातीतली जळजळ अनेक कारणांनी होते आणि सांगताना सगळी सारखीच वाटते. २०१९ चा अमेरिकेतला अभ्यास याहून बोलका आहे. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत गोळीने न थांबणाऱ्या जळजळीसाठी ३६६ जणांना पाठवले गेले होते. त्यांतल्या ४२ जणांना गोळी नीट, जेवणाआधी, दोन आठवडे दिल्यावरच बरे वाटले. बाकीच्यांच्या तपासण्या झाल्या तेव्हा ९९ जणांच्या जळजळीचा आम्लाशी संबंधच लागला नाही आणि २३ जणांना अन्ननलिकेचे वेगळेच विकार निघाले. काही जण इतर कारणांनी गळले. पदार्थ वर चढण्याशी ज्यांची जळजळ खरोखर जुळत होती असे ७८ उरले. या चाळून निघालेल्या गटात वर्षभराने शस्त्रक्रियेने ६७ टक्क्यांना आराम पडला, औषधे वाढवून २८ टक्क्यांना आणि आधीचेच उपचार चालू ठेवून १२ टक्क्यांना. शस्त्रक्रियेचा हा फायदा दिसला, कारण ती नेमक्या माणसांवर झाली. मोजणी न करता तीच शस्त्रक्रिया त्या ९९ जणांवर केली असती, तर हाती फक्त टाके आले असते.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे: गोळी हीच तपासणी. घेतली आणि बरे वाटले तर आजार आम्लाचा. सोडली आणि त्रास परतला तर गोळी हवीच. पहिल्या आठ आठवड्यांपुरता हा मार्ग मलाही मान्य आहे. धोक्याची लक्षणे नसतील तर मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. त्यापुढे मात्र हा तर्क लंगडा पडतो. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांना पोटाची कसलीच तक्रार नव्हती. काहींना आठ आठवडे आम्लरोधक गोळी दिली, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. ती थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी किंवा अपचनाचा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. दाबून ठेवलेले जठर गोळी थांबताच काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करते. म्हणजे गोळी सोडल्यावर उठलेली जळजळ आजाराची असू शकते, तशीच गोळीचीही असू शकते. रुग्णाला दोन्ही सारखीच जाणवते. अमेरिकेतल्या २०२१ च्या एका अभ्यासात गोळीने पुरेसा आराम न पडलेल्या १०० जणांना ती थांबवायला सांगून ९६ तासांची बिनतारी मोजणी केली. त्यांतल्या ३४ जणांची गोळी सुटली, आणि कोणाची सुटेल याचा सर्वांत भरवशाचा संकेत अहवालातूनच मिळाला: जास्त आम्लाचे दिवस जितके कमी, तितकी गोळी सुटण्याची शक्यता अधिक.

दुसरा आक्षेप असा की गोळी स्वस्त आणि सुरक्षित आहे, मग एवढा खटाटोप का. गोळी बरीच सुरक्षित आहे हे मी नाकारत नाही. हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडे बिघडतात अशा बातम्या अधूनमधून येतात; पण सुमारे साडेसतरा हजार लोकांना तीन वर्षे पाहणाऱ्या मोठ्या चाचणीत पँटोप्रॅझोल घेणाऱ्यांमध्ये आतड्याच्या संसर्गाखेरीज ठळक वाढ आढळली नाही. माझा मुद्दा भीतीवर उभा नाही. चुकीच्या निदानाची खरी हानी अशी की योग्य निदानाचा शोध तिथेच थांबतो. अन्ननलिकेची खालची झडप उघडतच नाही असा एक विकार असतो. त्यात अन्न साचून आंबते आणि जळजळीसारखेच वाटते. त्याच्यावर चांगले उपचार आहेत, पण रुग्ण आम्लाची गोळी घेत राहतो. याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. ज्यांच्या अन्ननलिकेत आम्ल खरोखर तासन्‌तास राहते, ते दुष्परिणामांच्या ऐकीव गोष्टींनी धास्तावून गोळी मध्येच सोडतात आणि अस्तराची हानी करून घेतात. अशा माणसाला स्वतःचा अहवाल दाखवता आला तर ती गोळी तो निर्धास्त मनाने घेईल. संधिवाताची वेदनाशामके किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांना जठराच्या रक्षणासाठी गोळी दिलेली असते. त्यांचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे आणि त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नाकात नळी असलेला माणूस नेहमीसारखा जेवेल का? लाजेने तो घराबाहेर पडत नाही, तिखट टाळतो, लवकर झोपतो; मग अहवाल त्याच्या खऱ्या आयुष्याचा कसा? शिवाय एक दिवस चांगला, एक वाईट, हे आलेच. हे खरे आहे, आणि म्हणूनच रुग्णाला आधी नीट समजावून सांगणे तपासणीइतकेच आवश्यक आहे: मिसळीने त्रास होत असेल तर त्या दिवशी मिसळ खा, उशिरा जेवत असाल तर उशिराच जेवा, नेहमीचे काम टाळू नका. बिनतारी कुपी चार दिवस मोजते, त्यामुळे एका दिवसाचा योगायोग गळून पडतो. आकडे वाचण्याचे नियमही आता सावध आहेत. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या तज्ज्ञांच्या ल्योन सहमतीनुसार पीएच चारखाली राहण्याचा काळ दिवसाच्या चार टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे तासाभराच्या आत असेल तर तो सर्वसामान्य; सहा टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे साधारण दीड तासापुढे गेला तर तो निश्चित आजार. मधला पट्टा संदिग्ध, तिथे इतर पुरावे पाहायचे. ही संदिग्धता उघडपणे मान्य केलेली आहे, आणि मला तो तपासणीचा गुण वाटतो. लक्षणांवरून बांधलेल्या अंदाजात अनिश्चितता याहून जास्त असते, फक्त ती कुठे लिहिलेली नसते.

भारतात हे परवडेल का, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तत्कालीन पोटविकारतज्ज्ञ डॉ. शोभना भाटिया यांच्या नेतृत्वाखाली इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आठवड्यातून किमान एकदा जळजळ किंवा आंबट पाणी येणाऱ्यांचे प्रमाण ७.६ टक्के निघाले. एवढ्या सगळ्यांना रेकॉर्डर लावणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. बहुतेकांना थोड्या दिवसांची गोळी, रात्रीचे जेवण लवकर, वजनावर ताबा आणि तंबाखू बंद एवढे पुरते. मोजणी हवी ती गोळीने आराम न पडणाऱ्यांना, शस्त्रक्रिया सुचवली गेलेल्यांना आणि निदान सिद्ध नसताना वर्षभर गोळी घेणाऱ्यांना. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेचा २०२२ चा सल्लाही यांतल्या शेवटच्या गटाच्या गोळीचा १२ महिन्यांच्या आत फेरविचार करा असाच आहे. आज ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे. रेकॉर्डर मात्र पुन्हापुन्हा वापरता येतो, आणि नोंदी दूरवरच्या तज्ज्ञाला पाठवता येतात. खरी टंचाई अहवाल वाचणाऱ्या प्रशिक्षित डोळ्यांची आहे, कारण संगणकाने आपोआप केलेल्या खुणा पुष्कळदा चुकतात आणि माणसाने त्या तपासाव्याच लागतात. वैद्यकीय महाविद्यालयांनी नवे यंत्र घेताना आधी या प्रशिक्षणावर खर्च करावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

हाच आग्रह पचनमार्गाच्या उरलेल्या भागासाठी मी इतक्यात धरणार नाही. जठराची विद्युतलय वॉल्टर अल्वारेझ यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभीच पोटाच्या त्वचेवरून टिपली होती, पण तो संकेत इतका क्षीण की श्वासाने, हालचालीने गढूळ होतो. पुढच्या काळात त्यावर बांधलेल्या अपेक्षा फारशा पुऱ्या झाल्या नाहीत. अलीकडे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी पोटावर चिकटवायची ६४ संवेदकांची लवचिक पट्टी तयार केली आहे. उपाशीपोटी अर्धा तास आणि जेवणानंतर चार तास ती जठराची लय टिपते. तिच्याकडून आशा आहे, पण रुग्णाला तेवढा वेळ स्वस्थ टेकून बसावे लागते. दाब, तापमान आणि पीएच मोजत जाणाऱ्या गिळायच्या कुप्याही निघाल्या. जठरातून बाहेर पडताच पीएच एकदम चढतो, त्यावरून जठर रिकामे व्हायला लागलेला वेळ कळतो. पण आतड्यात कुठे आकुंचन असेल तर कुपी अडकते, आणि आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अशी आकुंचने करतो, हे विसरून चालणार नाही. अन्ननलिकेच्या तपासणीमागे जेवढा पुरावा उभा आहे, तेवढा इथे अजून साठलेला नाही.

मोजणीत आम्ल निर्दोष ठरले तर पुढे काय, हे रुग्णाला आधीच सांगितलेले असावे. नाहीतर ‘सगळे नॉर्मल आहे’ या शब्दांनी तो अधिकच एकटा पडतो. अन्ननलिकेच्या नसा अतिसंवेदनशील झालेल्या असतील तर नसा शांत करणारी कमी मात्रेतली औषधे आहेत, पोटाने श्वास घेण्याचे व्यायाम आहेत. दिवसभर ढेकरा देणाऱ्यांचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. पोटात गॅस होतो असे समजून वर्षानुवर्षे चूर्णे आणि गोळ्या घेणाऱ्या अशा रुग्णांच्या अन्ननलिकेत नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००४ च्या सुमारास कड्यांची नळी ठेवली. हवा वरून अन्ननलिकेत ओढली जात होती आणि जठरात पोचण्याआधीच, सेकंदभरात, ढेकर होऊन बाहेर पडत होती. पोटातला गॅस त्यात नव्हताच. रुग्णाच्या नकळत जडलेली ती स्नायूंची सवय होती. झोपेत ती थांबते, लक्ष दुसरीकडे असले की कमी होते. अशा रुग्णाला वाचा-उपचारतज्ज्ञ जीभ, घसा आणि श्वासपटल यांची हालचाल पुन्हा शिकवतात, आणि अनेकांच्या ढेकरा त्याने खरोखर कमी होतात.